मडक्यातलं बी

मुलांनो, आज घरी गेल्यावर एक काम करा. आजीला विचारा, "आजी, आपल्याकडे कसलं बी ठेवलंय का गं?" आजी जवळ नसेल तर आईला विचारा, नाहीतर शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्या काकूंना. शहरातली मुलं म्हणतील, "आमच्या फ्लॅटमध्ये कसलं आलंय बी!" असू दे. तरी विचारा. कुठल्यातरी डब्याची, माळ्यावरच्या मडक्याची, आढ्याला टांगलेल्या मक्याच्या कणसांची गोष्ट हमखास निघेल. मलाही अशीच एक गोष्ट सापडली. सापडली कसली, ती माझ्या शाळेत चालत आली आणि मी तिला कोपऱ्यात उभं केलं! तीच आज तुम्हांला सांगणार आहे.

मी जिल्हा परिषदेच्या एका छोट्या शाळेत शिकवते. जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत आमचं गाव. दोन शिक्षक, चार वर्ग आणि पावसाळ्यात ढग थेट वर्गात! इथं भात, नाचणी आणि वरई पिकते. शेतं लहान लहान, डोंगरउतारावर पायऱ्यांसारखी.

जून २०२२ मध्ये आम्ही शाळेत परसबाग करायचं ठरवलं. दुपारच्या खिचडीत मुलांना ताजी भाजी मिळावी, म्हणून हल्ली शाळाशाळांतून अशा बागा करतात. (तुमच्या आईबाबांना शाळेतली खिचडी आठवते का, विचारा बरं. ही योजना देशभर १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, पण तेव्हा बऱ्याच ठिकाणी मुलांना शिजवलेलं अन्न नव्हे, पिशवीत घरी न्यायला तांदूळ मिळायचे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये आदेश दिला आणि मग शाळेतच चुली पेटल्या.)

मी मोठ्या उत्साहानं बाजारात जाऊन बियांची रंगीत पाकिटं आणली. भेंडी, टोमॅटो, गवार. पाकिटावरची भेंडी अशी हिरवीगार, की तशीच खावी! दुसऱ्या दिवशी दुसरीतली एक मुलगी फडक्याची गाठ घेऊन आली. तिचं नाव मी सांगणार नाही, कारण 'बाई, माझं नाव छापायचं नाही' असं तिनं बजावलंय. आपण तिला 'बीवाली' म्हणू. गाठ सोडली तर आत वीसेक काळ्या बिया. प्रत्येक बीच्या कडेला पांढरीशुभ्र रेघ, जणू कुणी खडूनं ओढलेली.

"आजीनं दिल्यात. वाल हाय, बाई. वेलाचा."

आता खरं सांगायलाच हवं. मी डी.एड. झालेली, कार्यानुभवात चांगले गुण मिळवलेली बाई! मला वाटलं, हे गावठी बी काय उगवणार? पाकिटातल्या बियांना मी ऐसपैस वाफा दिला, खत घातलं आणि वालाला दिला कुंपणाचा कोपरा. तोही संडासाच्या भिंतीकडचा.

भेंडी दीड महिन्यात लागली. कौतुक झालं, फोटो निघाले. वाल मात्र नुसता चढत होता. कुंपणावर चढला, भिंतीवर चढला, छपरावर गेला. श्रावण गेला, भाद्रपद गेला, फुलाचा पत्ता नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "उपटून टाकूया का हा वेल?" बीवाली कळवळून म्हणाली, "बाई, दिवाळी तर येऊ द्या!"

आणि दिवाळीनंतर काय झालं असेल? वेल जांभळ्या तुऱ्यांनी भरून गेला. मग शेंगा, त्याही जांभळ्या कडेच्या. डिसेंबरात शेंगा, जानेवारीत शेंगा, फेब्रुवारीतसुद्धा शेंगा! तोवर भेंडी केव्हाच संपली होती आणि वाफ्यात धूळ उडत होती.

यात जादू नव्हती. आपल्याकडचे जुने, वेलाचे वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलावर येत नाहीत. वनस्पतींना रात्र किती लांब आहे, हे कळतं. रात्र पुरेशी लांब झाली, की ह्या वेलाला फुलं धरण्याचा निरोप मिळतो. म्हणजे पावसाळ्यात तो फक्त वाढतो, मुळं खोल नेतो आणि पाऊस गेल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर शेंगा देतो. पाणी नसलेल्या गरिबाच्या परसात हिवाळाभर भाजी! बीवालीला हे शास्त्र माहीत नव्हतं, तिला 'दिवाळी' माहीत होती. मला दोन्ही माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी, जून २०२३ मध्ये, माझी आणखी फजिती व्हायची होती. आम्ही भेंडीचं बी मोठ्या हुशारीनं राखून ठेवलं होतं. 'आता पाकीट नको, आपलंच बी!' असं मी मुलांना सांगितलं. ते पेरलं आणि वाफ्यात सगळा घोटाळा झाला. एक झाड उंच, दुसरं बुटकं. एकाला कोवळ्या शेंगा, दुसऱ्याला राठ. आणि बऱ्याच झाडांच्या पानांच्या शिरा पिवळ्याधमक पडल्या. तो रोग पांढरी माशी पसरवते, हे मला नंतर कळलं.

त्याच आठवड्यात बीवालीची आजी नातीला न्यायला आली होती. वाफ्यापाशी थांबली. वाकून पाहिलं. म्हणाली, "बाई, ह्ये दुकानाचं बी हाय. ह्याला पुढच्या साली धरून ठिवायचं नसतं."

"का हो आजी?"

"का ते तुमी सांगायचं. तुमी शिकलेल्या!"

मी त्या रात्री पुस्तक काढून बसले. आजीचं बरोबर होतं. ते बी संकरित होतं. दोन वेगवेगळ्या वाणांची झाडं निवडायची, एकाच्या फुलातले पराग दुसऱ्याच्या फुलावर घालायचे आणि तयार होणारं बी विकायचं. असं बी पहिल्या वर्षी जोमदार आणि एकसारखं येतं. पण त्याचं बी धरलं, तर पुढच्या पिढीत आजी-आजोबांचे गुण वेगवेगळ्या वाटणीनं बाहेर पडतात. ग्रेगॉर मेंडेल नावाच्या धर्मगुरूनं मठाच्या बागेत वाटाण्याची झाडं वर्षानुवर्षं मोजून हेच शोधलं होतं. त्याचा निबंध १८६६ मध्ये छापून आला. म्हणजे माझ्या वाफ्यातला घोटाळा दीडशे वर्षांपूर्वीच समजावून सांगितलेला होता. फक्त मी तो वाफ्यात ओळखला नाही!

म्हणून संकरित बी वाईट म्हणायचं का? मुळीच नाही. १९६४ मध्ये 'सीएसएच-१' ही संकरित ज्वारी आली. उत्पन्न वाढलं आणि दुष्काळाच्या त्या दिवसांत धान्य वाढणं ही काही लहान गोष्ट नव्हती. पण एक गोष्ट घडली. दरवर्षी बी विकत घ्यायची सवय लागली आणि घरातली मडकी रिकामी झाली. मोठ्या शेतकऱ्याला हे परवडतं. आपल्या देशात मात्र शंभरातल्या सुमारे ८६ खातेदारांची शेती दोन हेक्टरहून, म्हणजे पाच एकरांहून लहान आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेतला हा आकडा आहे. पाच एकरवाल्याला जूनमध्ये बी, खत, औषध सगळं एकदम विकत घ्यावं लागतं आणि पीक हाती येतं दिवाळीत. मधल्या काळात पैसे कुठून आणायचे? उधारीवर! ज्याच्या घरात बियांचं मडकं आहे, त्याची निदान एक उधारी वाचते.

तर मग मी काय केलं? सरळ आजीच्या घरी गेले आणि म्हटलं, "आजी, शाळेत येऊन शिकवाल का?"

"म्या? मला सही येत न्हाई, बाई."

"सही मी करते. तुम्ही बी शिकवा."

दर शनिवारी आजी यायला लागली. खुर्ची दिली तरी खाली बसायची. आणि काय शिकवलं म्हणाल? पहिलाच धडा असा, की मुलांना घेऊन वेलापाशी गेली. म्हणाली, "ह्यातला चांगला कोन्ता?" मुलं म्हणाली, "ज्याला लई शेंगा तो." आजी म्हणाली, "आन् कीड?" मग मुलं पुन्हा पाहायला लागली. भरपूर शेंगा, कमी कीड, शेंगेत दाणे पूर्ण भरलेले, असा एक वेल ठरला. आजीनं त्याला तांबडी चिंधी बांधली. "ह्याची शेंग कोनी तोडायची न्हाई. ह्यो बियाचा." बाकीच्या वेलांच्या शेंगा खिचडीत!

मुलांनो, कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञ 'निवड पद्धत' म्हणतात, ती हीच. आजीच्या आजीनं चिंधी बांधली, तिच्या आजीनंही बांधली असेल. शंभर-दोनशे वर्षं त्याच डोंगरात, त्याच पावसात, त्याच मातीत जो वेल टिकला त्याचंच बी पुढे गेलं. वालाचं फूल बहुतेक आपलेच पराग स्वतः वापरतं, म्हणून त्याचा वाण फारसा बिघडत नाही. भोपळ्याचं तसं नाही हं! त्याचे पराग मधमाश्या इकडून तिकडे नेतात. शेजारी दुसऱ्या जातीचा भोपळा असेल, तर पुढच्या वर्षी काय भोपळा निघेल सांगता येत नाही.

दुसरा धडा राखेचा. शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या. सोलून बी उन्हात दोन-तीन दिवस खडखडीत वाळवायचं. दाताखाली धरलं तर कट्‌कन आवाज आला पाहिजे. गरम गरम भरायचं नाही, सावलीत निवू द्यायचं. मग चुलीतली चाळलेली राख मिसळून मडक्यात भरायचं आणि तोंड शेणामातीनं लिंपायचं. मी विचारलं, "राख कशाला?" आजी म्हणाली, "भुंगं येत न्हाईत." मी पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. राखेच्या बारीक कणांनी किड्याचं अंग खरचटतं, त्याच्या अंगातली ओल निघून जाते आणि तो मरतो. शिवाय दाण्यांमधल्या फटी राखेनं भरल्या, की त्याला हिंडायला जागा राहत नाही. पाहा बरं, असं चाललं होतं आमचं. आजी 'कसं' सांगायची आणि मी रात्री 'का' शोधायची. मुलांना मजा वाटायची, कारण दर शनिवारी बाईंना गृहपाठ!

त्या दिवसांत आम्ही आठवडे बाजारालाही गेलो. मुलांना काम दिलं होतं, भाजीवाल्यांना 'ही भाजी कुठून आली?' एवढंच विचारायचं. टोमॅटो नारायणगावचा, बटाटा ट्रकमधून लांबून आलेला. लसूण कुठला, ते विकणाऱ्यालाही सांगता आलं नाही. आमच्या पंचक्रोशीतलं असं फार थोडं निघालं. बाजाराच्या टोकाला पोतं अंथरून बसलेल्या दोन बायकांकडे करटोली आणि भारंगीचा पाला होता. त्यांच्याकडे गिऱ्हाईक नव्हतं. चौथीतला एक मुलगा हळूच म्हणाला, "बाई, ती आमची चुलती हाय." तो तिच्याजवळ जायला लाजत होता. डोंगरातली भाजी विकते, म्हणून! मी काहीच बोलले नाही. पावशेर करटोली घेतली आणि दुसऱ्या दिवशी खिचडीबरोबर तिची भाजी झाली. त्यानं दोनदा मागून घेतली. (पण एक सक्त ताकीद. रानातली कुठलीही पालेभाजी जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायची नाही. सारख्या दिसणाऱ्या दोन पानांतलं एक विषारी असू शकतं.)

आता तुम्हांला डोंगरापलीकडे नेते. आमच्या जुन्नर तालुक्याला हरिश्चंद्रगडाच्या बाजूनं अकोले तालुका लागून आहे. जिल्हा अहिल्यानगर, जो २०२४ पर्यंत अहमदनगर होता. तिथल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे तुम्ही ऐकून असाल. त्यांचा जन्म १९६४ चा. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नाहीत. घरची कोरडवाहू शेती. नातू आजारी पडला तेव्हा त्यांच्या मनात आलं, की औषधं फवारलेली विकतची भाजी खाऊन तर असं होत नसेल? त्यांनी आसपासच्या वाड्यावस्त्यांवर हिंडून जुनं बी गोळा करायला सुरुवात केली. वालाचेच किती प्रकार! शिवाय भात, नाचणी, भाज्या. कुणी हसलंही असेल. आपल्या गल्लीत कुणी जुनं बी मागत फिरलं, तर आपण तरी काय करू?

पुढे 'बाएफ' या संस्थेची त्यांना साथ मिळाली. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये पुण्याजवळ उरुळीकांचनला सुरू केलेली ही संस्था. बियांची नोंद कशी ठेवायची, वाण शुद्ध कसा राखायचा, हे शिक्षण मिळालं आणि राहीबाईंच्या घरी बियाणे बँक उभी राहिली. शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना 'बीजमाता' म्हटलं. २०१८ मध्ये बीबीसीच्या जगभरातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव आलं आणि २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

पैशांच्या बँकेत रुपया ठेवला तर वर्षानं थोडं व्याज मिळतं. बियाणे बँकेचं व्याज भलतंच मोठं! अशा बँकांची सर्वसाधारण रीत अशी, की पेरायला एक माप बी न्यायचं आणि पीक आलं की दोन मापं परत करायची. एका शेंगेत चार-पाच दाणे आणि एका वेलाला शेकडो शेंगा, मग परत करायला अवघड काय? आणि बँक नुसतं बी देत नाही. ते केव्हा पेरायचं, कसं राखायचं, त्याची भाजी कशी करायची, हेही सोबत देते. एका बाईच्या डोक्यात असलेलं शिक्षण गावाचं होतं ते असं.

ह्या शिक्षणाची एक मोठी गंमत आम्हांला किड्यांनी दाखवली. डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या वेलावर मावा पडला. कोवळे शेंडे काळेकुट्ट! मी म्हटलं, "औषध आणते." आजी म्हणाली, "चार दिस बगा." पोरं भिंग घेऊन बसली. चौथ्या दिवशी एक ओरडला, "बाई, ठिपक्यांचा किडा मावा खातोय!" तो होता ढालकिडा, ज्याला इंग्रजीत लेडीबर्ड म्हणतात. लाल पाठीवर काळे ठिपके. मी औषध मारलं असतं, तर मावा मेला असता आणि हा पहारेकरीही. मावा पुन्हा आला असता, पहारेकरी मात्र इतक्या लवकर आला नसता. नंतर आम्ही निंबोळीचं पाणी तेवढं वापरलं. पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एक लिटर अर्क करायचा. वास मात्र असा, की दोन दिवस बागेकडे कुणी फिरकलं नाही!

अशीच चूक एका अख्ख्या देशानं केली होती, आणि ती दुरुस्तही केली. इंडोनेशिया हा भातखाऊंचा देश. तिथं तपकिरी तुडतुडे भाताचा फडशा पाडत होते. जितकं औषध फवारावं तितके तुडतुडे वाढत. कारण काय? फवारणीनं भातातले कोळी मरत होते आणि तुडतुड्यांना खाणारं कुणी उरत नव्हतं! शेवटी १९८६ मध्ये तिथल्या सरकारनं भातावर वापरायच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. पण नुसत्या बंदीनं शेतकऱ्याची भीती जाते का? म्हणून १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या मदतीनं तिथं शेतातच शाळा सुरू झाल्या. फळा नाही, बाकं नाहीत. हंगामभर दर आठवड्याला पंचवीसेक शेतकरी एका शेतात जमायचे, रोपाचं चित्र काढायचे, त्यावर शत्रू किडे एका बाजूला आणि मित्र किडे दुसऱ्या बाजूला. तुडतुडे आणि कोळी एका जाळीच्या पिंजऱ्यात कोंडायचे आणि कोण कुणाला खातं, ते आपल्या डोळ्यांनी पाहायचे. मग फवारायचं की नाही, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली. आपल्याकडे कृषी विभाग अशा 'शेतीशाळा' घेतो. तुमच्या गावात कधी भरली, तर मागं उभं राहून पाहा. मोठी माणसं गुडघ्यावर बसून किडे मोजताना पाहायला छान वाटतं!

आणखी एक गोष्ट मोठ्यांना सांगण्यासारखी आहे, आणि ती तुम्हीच करून दाखवू शकता. २०२० च्या पावसाळ्यात मराठवाडा-विदर्भात सोयाबीनचं विकतचं बी उगवलंच नाही, अशा पुष्कळ तक्रारी आल्या. दुबार पेरणी म्हणजे दुप्पट खर्च! तेव्हापासून घरच्या बियांची उगवण आधी तपासा, असं कृषी विभाग सारखा सांगतो. सोयाबीनचं घरचं सरळ बी दोन-तीन वर्षं चालतं. तपासणी अगदी सोपी आहे. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीनं मांडा. वर दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी उलगडून मोजा. सत्तर किंवा जास्त दाण्यांना चांगले मोड आले, की बी पेरायला हरकत नाही. पाचवी-सहावीच्या मुलांनी आपापल्या घरचं बी असं तपासून दिलं, तर आईवडलांचे केवढे पैसे वाचतील!

"पण बी असं राखलं, वाटलं, विकलं तर पोलीस धरणार नाहीत ना?" हा प्रश्न आमच्या चौथीच्या वर्गात आला होता. नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखण्याचा, पेरण्याचा, एकमेकांना देण्याचा, अगदी विकण्याचाही हक्क दिलेला आहे. संरक्षित वाणाचं बी पाकिटात घालून, वर त्या वाणाचा छाप मारून मात्र विकता येत नाही.

आता राहिली आमच्या मडक्याची गोष्ट.

एप्रिल २०२४ मध्ये आजी अंगणात घसरून पडली आणि तिचं मांडीचं हाड मोडलं. मुलगा तिला नारायणगावला आपल्याकडे घेऊन गेला. दोन महिने घर बंद होतं. जूनच्या सुरुवातीला आजी काठी टेकत परत आली, रोहिणी संपून मृग लागायच्या आत बी लावायचं म्हणून. मडकं काढलं, तर त्याचं लिंपण उंदरानं पोखरलेलं. आत ओल गेलेली आणि प्रत्येक बीला एक गोल भोक! भुंग्यांनी सगळा वाल खाऊन टाकला होता. आजीनं शेजारी विचारलं, माहेरी निरोप धाडला. कुणाकडेच ते काळं बी नव्हतं. सगळे तिच्याकडूनच न्यायचे आणि खाऊन संपवायचे.

बीवाली पळत शाळेत आली. तिला बोलताही येईना. आमच्या कपाटात एक काचेची बरणी होती, चिंधीच्या वेलाची. पण तिच्यात होतं किती? ओशाळून सांगते, फार थोडं. शेंगांची भाजी इतकी छान लागायची, की फेब्रुवारीत आम्ही बियांच्या वेलालाही हात घातला होता. राख मिसळलेल्या त्या बरणीत निघाले ४१ दाणे.

ते उगवतील का? सगळ्यांच्या पोटात गोळा. दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळले. रोज सकाळी प्रार्थनेआधी पोरं कपाटापाशी! सहाव्या दिवशी फडकं उलगडलं. आठ दाण्यांना पांढरे मोड. आणि हे मोडाचे दाणे वाया जात नाहीत बरं का, ते आम्ही तसेच कुंपणाजवळ लावले. कोपऱ्यात नव्हे, या खेपेला चांगल्या वाफ्याच्या कडेला.

उरले ३१. आजी फाटकाशी येऊन थांबली होती. मी बरणीच तिच्या हातात दिली, "आजी, हे तुमचंच आहे. सगळं घ्या." तिनं बरणी हलवून पाहिली आणि पदरात बारा दाणे मोजून घेतले. बाकीचे परत दिले.

"सगळं एका घरात ठिवलं, त्येचंच तर आसं झालं," ती म्हणाली. "धा शाळंत असू द्या. उरल्यालं त्या पोराच्या चुलतीला द्या, ती करटोलीवाली. तिचं परस मोठं हाय."

तेवढ्यात बीवाली नोंदवही घेऊन आली. राहीबाईंच्या बँकेची गोष्ट तिच्या डोक्यात पक्की बसली होती. तिसरी संपवून नुकतीच चौथीत गेलेली पोर, तिनं ओळ आखली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं :

'आजी. काळा वाल. दिले १२. परत येणे २४.'

मी तिला वाचून दाखवायला सांगितलं. आजीनं नीट ऐकलं, काठीवर हनुवटी टेकली आणि हसता हसता तिला ठसका लागला.

"माजंच बी, आन् मलाच उदार!" ती म्हणाली. "अंगटा कुठं लावू?"